खालची बाजू

जिन्यावरून कपाट चढवायचं म्हटलं की दोन बाजू आल्या, वरची आणि खालची. वरच्या माणसाला वाट दिसते, म्हणून तो बोलतो. खालच्याच्या अंगावर वजन येतं, म्हणून तो गप्प असतो. घरसामान हलवणाऱ्यांचा कायदा एवढाच. बाकीचं पाठ आपोआप शिकते.

मुकादमाने उमेदीची सगळी वर्षं खालच्या बाजूला काढली होती. गुडघे झिजवून, खांद्याला घट्टे पाडून तो वर पोचला. आणि वर पोचल्यावर, इतकी वर्षं न बोललेलं सगळं त्याने बोलून घ्यायला सुरुवात केली.

"डावीकडे! डावीकडे म्हणतोय! तुझं डावं काय वेगळं आहे? कोपरा सांभाळ! भिंतीला ओरखडा गेला तर तुझ्याकडूनच रंगवून घेईन!"

आवाज असा की खालच्या मजल्यावरचे लोक दार उघडून बघत. टोळीतली माणसं त्याच्या माघारी त्याला आकाशवाणी म्हणत.

कामात मात्र बोट ठेवायला जागा नव्हती. सामान उचलायच्या पट्ट्याची गाठ सैल दिसली की तो सोडून पुन्हा बांधायला लावायचा. आरशाला दुहेरी चादर म्हणजे दुहेरी; एकेरीवर भागेल असं कोणी म्हटलं तर तो नुसता बघायचा, आणि दुसरी चादर आपोआप यायची. सकाळी गाडी निघण्याआधी तो प्रार्थना करायचा. "प्रभू, सामान लोकांचं आहे, पाठ आमची आहे, दोन्ही सांभाळ." इथपर्यंत ठीक. पण पुढे, "आज बाजाराकडून जाऊ नको, तिकडे खणलंय, शाळेच्या मागून ये," असंही तो सांगायचा. वळणं दाखवायची सवय देवापुढेही सुटत नव्हती.

टोळीत त्याच्याशिवाय तिघं. गाडी चालवणारा तात्या वयाने सगळ्यांत मोठा, आणि गाडी सोडून जगात त्याचं कशावर प्रेम नव्हतं. पैलवानाचं शरीर नावाला शोभेल असं होतं. फक्त ते जपून वापरायची त्याला सवय होती. तिसरा मुकादमाचा मेहुणा. मुकादमाच्या बायकोने आईच्या माघारी या भावाला लहानाचा मोठा केला होता आणि लग्नानंतर आपल्या पेटीबरोबर त्यालाही सासरी आणलं होतं. त्याला टोळीत घेतलं तेही तिच्याच शब्दावरून.

मेहुण्याची खोड एकच. उचलण्याआधी तो बघायचा. दारापुढे उभा राहून हात पसरायचा, मान तिरकी करायचा, जिन्याच्या वळणावर हवेत बोट फिरवायचा.

"झालं का लग्न लावून?" मुकादम वरून ओरडायचा. "गोगलगाय! कपाट उचलायचंय, मुलगी बघायची नाहीये!"

मेहुणा हसायचा आणि उचलायचा.

एका रविवारी प्रार्थनागृहातल्या उपासनेनंतर पाळकसाहेबांनी पुरुषांना मागच्या खोलीत थांबवून घेतलं. पाळकसाहेब तरुण होते. चष्मा घसरायचा, आवाज बारीक, पण बोलणं मुद्द्याला धरून. कुटुंबात आणि कामावर पुरुषाने पुढारी कसं व्हावं, हा विषय. त्यांनी बायबलातली ती गोष्ट सांगितली: गुरूने जेवणावरून उठून कमरेला पंचा बांधला आणि आपल्याच शिष्यांचे पाय धुतले. मग त्यांनी खोलीभर नजर फिरवली. "आपण सगळे आपापल्या जागी वरच्या पायरीवर उभे असतो. खाली उतरायची तयारी किती जणांची आहे?"

इतरांनी माना डोलावल्या आणि चपला शोधल्या. मुकादम बसून राहिला. बाकीच्यांना तो उपदेश वाटला असेल. त्याला ती कामाची ऑर्डर वाटली. पायरीचा उल्लेख झाला होता, म्हणजे बोलणं थेट त्याच्याशी होतं. विश्वासाच्या बाबतीतही त्याची रीत कपाटासारखीच होती. पटलं की लगेच खांदा लावायचा, घासाघीस नाही.

संध्याकाळी जेवणं झाल्यावर तो उठला, पंचा कमरेला बांधला आणि मोरीकडे निघाला.

"काय सांडलं?" बायकोने विचारलं.

"काही नाही. आजपासून या घरात मी सेवक."

"कोणाचा?"

"तुझा."

बायको खुर्चीत बसली. असं काही रोज कानावर पडत नाही. पण तिला फार वेळ बसता आलं नाही. मुकादमाने भांडी घासायला घेतली ती पियानोला पॉलिश करावं तशी. तवा इतका घासला की त्यावर पुढे आठवडाभर सगळं चिकटत राहिलं. मग फडताळातले डबे खाली काढून उंचीप्रमाणे लावले, उंच पुढे, बुटके मागे. मिठाचा डबा सगळ्यांत बुटका, म्हणून तो सगळ्यांत मागे गेला.

"अहो, ही सेवा आहे की झडती?"

"तू बस. सेवकाला सांगावं लागत नाही."

"सेवकालाच सांगावं लागतं," बायको म्हणाली. "न सांगता आपल्या मनाने करतो त्याला मालक म्हणतात. मीठ कुठे ठेवलंत?"

मुकादमाला ते ऐकू आलं नाही. तो झाकणं जुळवत होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने टोळीला गाडीमागे उभं केलं. "आजपासून खालची बाजू माझी. वर मेहुणा आणि तात्या. चहा मी आणणार. हातावर पाणी मी घालणार. ज्याला जे हवं त्याने मला सांगायचं."

पैलवानाने तात्याकडे बघितलं. तात्याने गाडीच्या चाकाकडे बघितलं.

"काहीही?" पैलवानाने विचारलं.

"काहीही."

दुपारपर्यंत पैलवानाने चहात साखर वाढवून घेतली, डबा गरम करून घेतला, आणि जेवल्यावर खांदा दुखत असल्याची आठवण त्याला झाली. मुकादम खांदा दाबायला बसला.

"जरा खाली... हां... अजून खाली... आहाहा."

"हा खांदा दुखेल कशाने? वापरलाय कधी?" मुकादम दाबता दाबता म्हणाला. "उचलताना कोपर आत ठेव, शंभरदा सांगितलं."

"मुकादम, सेवेत बोलणी पण येतात का?"

तात्याने गाडी धुऊन घेतली. ती त्याने स्वतः आदल्या दिवशीच धुतली होती. पण संधी आली की सोडू नये. मुकादमाने चाकांच्या नटांपर्यंत गाडी चकचकीत केली आणि तात्याला ऐकवलं की इतकी वर्षं हा माणूस गाडी धूत नव्हता, नुसती भिजवत होता. तात्या दोन दिवस त्याच्याशी बोलला नाही. चहाचंही तसंच. मुकादम पेले भरायचा आणि समोर उभा राहायचा. "प्या. गरम आहे तोवर प्या. बघतोस काय, फुंकर मार!" त्या दिवसांत टोळीतल्या सगळ्यांची जीभ भाजलेली होती.

मेहुण्याने मात्र काही मागितलं नाही. त्याला वरची जागा मिळाली होती, तेवढ्यावरच तो खूष होता. आयुष्यात पहिल्यांदा त्याला वाट दिसत होती. फक्त बोलायला मिळत नव्हतं. मुकादम खाली गेला होता, आवाज खाली गेला नव्हता. कपाटाची पाठ डोळ्यांपुढे, दिसतंय ते फक्त लाकूड, आणि तरी खालून चालूच: "डावीकडे! आता सरळ! ओढ की, झोपलास?"

"आकाशवाणी पाताळातून सुरू झाली," पैलवान पुटपुटला.

एका निवृत्त मुख्याध्यापिकेच्या घरी व्हायचं ते झालं. शिसवी कपाट, अरुंद जिना. वर मेहुण्याला वळणावरचा दिव्याचा दांडा दिसत होता. तो म्हणाला, "दाजी, थांबा."

"थांबायचं नसतं जिन्यात! डावीकडे घे!"

मेहुण्याने डावीकडे घेतलं. दांडा वाकला, भिंतीचा पोपडा पडला, आणि मुख्याध्यापिकाबाईंनी चौघांनाही वर्गाबाहेर उभं करावं तसं अंगणात उभं केलं. त्यांचं बोलून झाल्यावर मुकादमाने मेहुण्याला धरलं.

"वर उभं केलं तर डोळे खिशात ठेवलेस? गोगलगाय ती गोगलगायच!"

या वेळी मेहुणा हसला नाही. "दाजी, मला वर ठेवलंत तर मला बोलू द्या. नाहीतर तुम्हीच वर या. दोन्हीकडे तुम्हीच, तर मी कशाला?"

तो जास्त काही बोलला नाही. फक्त संध्याकाळी गाडीतल्या खिळ्यावरून आपला पट्टा काढला, गुंडाळला आणि खांद्यावर टाकून घरी नेला. टोळीतला माणूस पट्टा घरी नेतो म्हणजे काय, हे कोणाला समजावून सांगावं लागत नाही. दुसऱ्या टोळीवाल्याने त्याला कधीचंच विचारून ठेवलं होतं. ती टोळी परगावी होती. तिकडे जायचं म्हणजे घरही सोडायचं.

"तुमच्या सेवेने माझा भाऊ चाललाय," बायको त्या रात्री जेवताना म्हणाली.

"मी त्याच्यासाठी खाली उतरलो! वजन अंगावर घेतलं! आणखी काय करायचं?"

"ते मला काय विचारता? जिना तुमचा." तिने त्याच्या ताटात वाढलं आणि आपलं ताट घेऊन भावाच्या खोलीच्या दाराशी जाऊन बसली. दार बंद होतं. ती तिथेच जेवली.

मुकादमाला घास गोड लागला नाही. त्याने हिशोब मांडून बघितला: चहा दिला, गाडी धुतली, खांदा दाबला, खालची बाजू घेतली. कष्टात कसूर नव्हती. मग घोडं अडलं कुठे?

त्याच आठवड्यात मंडळीतल्या एका म्हाताऱ्या बाईने आपला पियानो प्रार्थनागृहाला दिला. प्रार्थनागृह पहिल्या मजल्यावर, खाली चपलांचं दुकान, आणि मध्ये असा जिना की जाड माणसाने पोट आत घेऊन चढावं. शनिवारी सकाळी काम ठरलं. मेहुणा म्हणाला, हे एवढं करून जातो. मंडळीचं काम आहे.

बघायला अर्धी मंडळी जमली. दुकानदाराने स्टुलं बाहेर काढली. मुकादमाची बायको जिन्याच्या तोंडाशी उभी राहिली, हाताची घडी घालून. पाळकसाहेब बाह्या दुमडून पुढे आले.

"मी कुठे लावू हात?"

मुकादमाने त्यांच्या मनगटांकडे बघितलं. "पाळकसाहेब, तुम्ही हे दार धरा. स्प्रिंगचं आहे, सोडलं की आपटतं. मी सांगेपर्यंत सोडायचं नाही."

"एवढंच?"

"एवढंच."

पाळकसाहेबांनी पाठ दाराला लावली, चष्मा वर केला आणि दार धरलं.

पियानोला चादरी गुंडाळल्या, पट्टे घातले. खाली मुकादम आणि पैलवान, वर मेहुणा आणि तात्या. प्रार्थना झाली, तीत मुकादमाने प्रभूला वळणावर जरा डावीकडे लक्ष ठेवायला सांगितलं. मग उचललं.

पहिल्या पायऱ्या बऱ्या गेल्या. पियानोच्या पोटात लोखंड असतं. ते प्रत्येक पायरीला आतून कण्हत होतं. वळणावर आल्यावर मेहुणा काहीतरी म्हणाला.

"उचल!" मुकादम खालून गरजला. "बोलू नको, उचल! डावीकडे!"

पियानो डावीकडे गेला आणि रुतला. वरचं टोक कठड्यात, खालचं भिंतीला. पुढे जाईना, मागे येईना.

"दाजी, एक सांगू?"

"सांगू नको, ओढ! तात्या, ओढा! जोर लावा की! पैलवान, खांदा दे!"

पैलवानाचा चेहरा जांभळा झाला होता. त्याने जबडा आवळला होता आणि दातांतूनच तो म्हणाला, "मुकादम... तुम्ही बोलता ना... तेव्हा वजन माझ्याकडे येतं."

"काय?"

"आत्ता पण... आलं."

मुकादम थांबला. आणि थांबल्याबरोबर त्याचा खांदा पट्ट्याखाली आपोआप टेकला, आणि वजन आलं. खरं वजन. छातीतला सगळा वारा बाहेर काढणारं. हे वजन त्याच्या ओळखीचं होतं. तरुणपणी वर्षानुवर्षं त्याने ते पेललं होतं, आणि तेव्हा तो एक अक्षर बोलत नव्हता. भिडेमुळे नव्हे, श्वासच उरत नसे म्हणून. पूर्ण वजन घेतलेल्या माणसाला बोलता येतच नाही. मग हे इतके दिवस तो बोलत होता ते कशाच्या जोरावर? शेजारच्या आळशी पैलवानाच्या. ज्याचा खांदा खरोखरच दुखत होता.

खालून बायकोचा आवाज आला. "अहो सेवक! वरचा काय म्हणतोय ते ऐका तरी!"

लोक हसले. दुकानदार स्टुलावरून पडता पडता राहिला. मुकादमाच्या कानशिलांना आग लागली. उत्तर त्याच्या जिभेवर तयार होतं, एक नाही, तीन. ते द्यायचं तर खांदा ढिला करावा लागणार होता. त्याने पैलवानाच्या जांभळ्या तोंडाकडे बघितलं आणि उत्तर गिळलं.

वर मेहुण्याने घसा साफ केला. आपल्याला खरंच बोलू देतायत याची त्याला खात्री होत नव्हती. मग सवयीप्रमाणे त्याने मान तिरकी केली आणि सावकाश बोलायला सुरुवात केली.

"दाजी, एक पायरी खाली घ्या."

मुकादमाने आयुष्यात जिन्यावरून चढवलेली वस्तू कधी खाली घेतली नव्हती. टोळीत तो मोठ्या तोऱ्यात सांगायचा की आपण मागे जात नाही. आणि आता अर्धी मंडळी बघत होती. त्याने पाय मागे टाकून पायरी चाचपली. सापडली. घेतलं.

"अजून एक. हळू. घाई नाही."

घाई नाही! गोगलगायच ती. त्याने अजून एक घेतली.

"आता थांबा. पैलवान, तुम्ही जरा आत. दाजी, तुमचं टोक तिथेच. तात्या आणि मी वरचं टोक उभं करतो. वजन सगळं खाली येईल. पेलेल का?"

उत्तर नाही.

"दाजी, पेलेल का?"

"अरे, ते बोलत नाहीत म्हणजे पेलतायत!" बायको खालून म्हणाली.

पियानो उभा राहिला, माणूस झोपेतून उठावा तसा. उभ्याउभ्याच वळणावर फिरला. मेहुण्याचं बोट हवेत फिरत होतं त्याच अंदाजाने फिरला, कठड्याला न लागता, भिंतीला न लागता. मग आडवा झाला आणि पायरी पायरी करत वर गेला. मेहुणा सांगत होता, बाकीचे करत होते. शेवटच्या पायरीवर आतल्या तारा झणझणल्या आणि मंडळीने टाळ्या वाजवल्या.

मुकादम वरच्या पायरीवर बसला. पाठ वाकत नव्हती, बूट चावत होते. मेहुणा पाणी घेऊन आला, पेला त्याच्या हातात दिला आणि खाली बसून त्याच्या बुटाची नाडी सोडायला लागला.

मुकादमाने पाय आखडून घेतला. "ए, नको. घामाचे पाय आहेत. मी काढतो माझे."

"दाजी," मेहुणा नाडीवरची नजर न काढता म्हणाला, "बोलू नका. वजन माझ्याकडे येतं."

पैलवान भिंतीला टेकून खो खो हसला. मुकादमाने तोंड उघडलं, मिटलं आणि पाय पुढे केला. इतक्या दिवसांच्या सेवेत एवढं अवघड काम त्याने केलं नव्हतं. मोजे ओले होते, वासही बेताचा नव्हता, आणि आपल्याला काहीही न करता नुसतं बसायचं आहे ही गोष्ट पाठीला समजत नव्हती. त्याला त्या गोष्टीतला तो शिष्य आठवला, जो आधी पाय द्यायलाच तयार नव्हता. त्याचंही काम अंगमेहनतीचंच होतं. मासेमारी. कळतं.

आत कोणीतरी पियानोची एक पट्टी दाबून बघत होतं. मंडळी चहा प्यायला लागली होती. तेवढ्यात खालून, जिन्याच्या पार खालून, एक बारीक आवाज आला.

"मुकादम? दार सोडू का?"

सगळे एकमेकांकडे बघायला लागले. पाळकसाहेब! पियानो वर गेला, टाळ्या झाल्या, चहा आला, आणि हा माणूस अजून स्प्रिंगच्या दाराला पाठ लावून उभा होता, कारण सांगेपर्यंत सोडायचं नाही असं सांगितलं होतं.

मुकादमाने छाती भरून श्वास घेतला. मग मेहुण्याकडे बघितलं.

"वर कोण होतं आज?"

"मी," मेहुणा म्हणाला.

"मग सांग की. माझ्या तोंडाकडे काय बघतोस?"

मेहुणा उठला. कठड्यावरून वाकला, मान तिरकी करून जिना वरपासून खालपर्यंत बघून घेतला, कुठे काही राहिलं नाही ना याची खात्री केली. मुकादमाच्या ओठांवर 'गोगलगाय' येऊन थांबली होती. ती तिथेच राहिली.

"सोडा, पाळकसाहेब!" मेहुणा ओरडला. आवाज चांगला खणखणीत निघाला. दार आपटलं.

सोमवारी सकाळी मुकादम सगळ्यांच्या आधी गाडीपाशी आला. मागचं फळकूट उघडलं. खिळ्यांवर पट्टे होते. मेहुण्याचा खिळा रिकामा. त्याने पट्टे मोजायचं नाटक केलं, चादरींच्या घड्या पुन्हा घातल्या. तात्या आला, पैलवान आला. मग मेहुणा आला, खांद्यावर पट्टा घेऊन, आणि खिळ्याला अडकवला. परगावच्या टोळीचं नाव कोणी काढलं नाही.

"घरून निघताना ताईने सांगितलंय," मेहुणा म्हणाला, "मीठ कुठे आहे ते दाजींना विचारून ये."

"सगळ्यांत मागे," मुकादम म्हणाला. "संध्याकाळी पुढे आणतो. तिने सांगितलं तर."

चहा त्यानेच आणला. पेले हातात दिले आणि प्रयत्नपूर्वक दुसरीकडे बघत उभा राहिला. पैलवानाने दोनदा फुंकर मारली, तिसऱ्यांदा मारली, तरी तो वळला नाही. फक्त मान जरा ताठ झाली.

"मुकादम, खांदा," पैलवान म्हणाला.

मुकादम त्याच्या मागे बसला आणि दाबायला लागला. या वेळी गप्प.

मग प्रार्थनेला सगळ्यांनी माना खाली घातल्या. "प्रभू, सामान लोकांचं आहे, पाठ आमची आहे, दोन्ही सांभाळ," मुकादम म्हणाला. पुढे काही क्षण त्याचे ओठ हलले. नदीकडचा रस्ता त्या दिवशी बंद होता, त्याला माहीत होतं.

"आमेन," तो म्हणाला.